सहलीचा समुद्र कोणता?

(द्वितीय वर्ष, कला)

यंदाच्या सहलीची सभा सप्टेंबरात आमच्या वर्गात भरली, तेव्हा फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘गोवा’ असे आधीच लिहून ठेवलेले होते. सहल-समितीच्या प्रमुखांनी “कुणाला काही सूचना?” असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता वर्गणीचा आकडा सांगून टाकला. तो ऐकून मागच्या दोन बाकांवरच्या मुलींनी एकमेकींकडे पाहिले आणि वह्या उघडल्या. वह्या उघडायचे काही कारण नव्हते. तास चालू नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात दुसरा पक्ष उभा राहिला. काही पालक येऊन भेटून गेले, काही प्राध्यापकांनीही मान डोलावली. त्यांचे म्हणणे, समुद्र नकोच. वेरूळला न्या, शिर्डीला न्या, हवे तर दोन्हीकडे न्या. त्यांच्या भीतीला कारण आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल मुरुड-जंजिऱ्याला गेली असताना १४ विद्यार्थी बुडाले. त्यांत मुली जास्त होत्या. सहल आमच्याच वयाच्या मुलामुलींची होती. ही बातमी आमच्या घरी आईने अजून विसरलेली नाही, आणि समुद्राचे नाव काढले की ती पहिल्यांदा मुरुडचे नाव काढते.

दोन पक्षांच्या ओढाताणीत यंदा सहल कुठेच गेली नाही. वर्गणी परत मिळाली. गोव्यावाले रुसले, वेरूळवाले सुटलो म्हणाले. माझे मत दोघांच्याही विरुद्ध आहे. सभेत ते मांडायला धीर झाला नाही, म्हणून येथे लिहिते आहे. आपल्या महाविद्यालयाने समुद्रावर जावे, जवळच्याच समुद्रावर जावे, आणि जाण्यापूर्वी पंचांग उघडून तिथी पाहावी.

तिथीचे नाव काढल्याबरोबर काही मित्र हसतील. मी सोवळ्यातली नाही आणि ज्योतिषावर माझा विश्वासही नाही. तिथीचे हे प्रकरण मला एका कोळिणीने शिकवले, तेही फार उशिरा. ते आधी सांगते.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मामांनी एक जीप ठरवली आणि आम्ही सगळी मामे-आतेभावंडे रायगड जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर गेलो. आमचे मूळ गाव सिन्नर तालुक्यात. तिथे उन्हाळ्यात पाणी म्हणजे टँकर. वडील सातपूरच्या कारखान्यात लेथवर कामाला लागले, म्हणून आम्ही गंगापूर धरणाचे पाणी पिऊ लागलो. आमचा पाण्याशी संबंध एवढाच. पण माझ्या मामेभावाला पोहता येते, चांगले येते, धरणाच्या फुगवट्यावर तो पैज लावून पोहतो. त्यामुळे त्याची काळजी कुणीच केली नाही. ज्याला पोहता येते त्याची काळजी कुणी करत नाही, हीच पहिली चूक.

आम्ही साडेचारला पोहोचलो. ऊन उतरले होते, वारा सुंदर होता, पाणी वाळूवरून हळूहळू मागे सरकत होते आणि आम्ही आनंदाने त्याच्या मागोमाग आत जात होतो. मामेभावाने एक जागा हेरली. आजूबाजूला लाटा फुटत होत्या, तेवढ्या एका पट्ट्यात मात्र पाणी शांत दिसत होते. “इथं बरं आहे, लाट नाही,” असे म्हणून तो त्या पट्ट्यात शिरला. कमरेएवढ्या पाण्यात उभा असताना त्याच्या पायाखालची वाळू सरकू लागली, आणि बघता बघता तो आमच्यापासून चाळीस-पन्नास हात आत गेला. त्याने किनाऱ्याकडे तोंड करून हात मारायला सुरुवात केली. हात मारत होता, पण जागचा हलत नव्हता. मामी आधी हसत होती. मग ती उभी राहिली.

एक घोडागाडीवाला धावत आला आणि तोंडाभोवती हात धरून ओरडू लागला, “आडवं पोहा! आडवं!” आम्हाला काही कळेना. मामेभावाला मात्र कसे कोण जाणे, कळले. त्याने किनाऱ्याकडे यायचे सोडले, किनाऱ्याला समांतर असा उत्तरेकडे पोहू लागला, आणि शंभर-दीडशे पावलांवर लाटांनीच त्याला वाळूवर आणून टाकले. तो उताणा पडून राहिला. त्यानंतर नाशिकला येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

त्या वेळी तिथे सुकट वाळत घालणारी एक म्हातारी कोळीण होती. तिने मामांना विचारले, “आज तिथ कोणती, ठावं हाय का?” मामा मोठे गृहस्थ, सरकारी नोकर, त्यांना काही सांगता येईना. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते, म्हणजे चतुर्थी. म्हातारीने बोटांवर मोजले आणि म्हणाली, तीनला भरती झाली, आता पाणी जायच्या घाईत आहे, तुम्ही कशाला त्याच्या मागं लागता?

तिने मोजले कसे, ते मी पुढे आमच्या भूगोलाच्या सरांना विचारले. कोकणातला जुना ठोकताळा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणून तीन वाजता. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणून सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब एकच. भरती पूर्ण झाली की पाणी सुमारे सहा तास उतरते, मग पुन्हा सहा तास चढते. दोन भरत्यांमध्ये बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते, म्हणून रोज भरती पाऊण-एक तास पुढे जाते. चंद्र रोज तेवढाच उशिरा उगवतो. समुद्राचे घड्याळ चंद्रावर चालते आणि पंचांगातली तिथीही चंद्रावरच चालते, म्हणून हा ठोकताळा जुळतो. त्यात ज्योतिष काही नाही. अर्धा-एक तास इकडे-तिकडे होतो, ठिकाणाप्रमाणे फरक पडतो. नेमकी वेळ हवी असेल तर आता मोबाईलवर भरती-ओहोटीचे कोष्टक मिळते. पण मोबाईलवर काय शोधायचे हे कळायला आधी भरती नावाची गोष्ट डोक्यात असावी लागते. आमच्या जीपमध्ये अकरा माणसे आणि सात मोबाईल होते.

तिथीवरून आणखी एक कळते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी खूप वर येते आणि खूप खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी आणि ओढही कमी. मुंबईजवळ उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्यात पाच मीटरपर्यंत फरक पडतो, म्हणजे दीड मजला पाणी सहा तासांत येते आणि जाते. खाली मालवण-गोव्याकडे हाच फरक निम्म्याच्या आसपास असतो. वर खंबायतच्या आखाताकडे जावे तसा तो वाढत जातो. म्हणजे एका किनाऱ्यावरचा अनुभव दुसऱ्या किनाऱ्यावर चालत नाही. गोव्याला दोनदा जाऊन आलेला मित्र अलिबागला तज्ज्ञ म्हणून उभा राहू शकत नाही.

मामेभाऊ ज्या शांत पट्ट्यात शिरला, त्याचेही कारण सरांनी फळ्यावर काढून दाखवले. लाटा जे पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात त्याला परत जायला वाट हवी असते. ते एखाद्या अरुंद खोलगट वाटेने जोरात मागे जाते. त्या वाटेवर लाट फुटत नाही, म्हणून नवख्याला ती जागा शांत आणि सुरक्षित वाटते. तिच्याशी झुंजून किनाऱ्याकडे पोहू गेले की माणूस दमतो, आणि दमला की बुडतो. ती वाट फार रुंद नसते. आडवे पोहून तिच्याबाहेर पडले की सुटका होते. पोहता येत नसेल त्याने पाठीवर तरंगत हात वर करून हाक मारावी. आणि ज्याला पोहता येत नाही त्याने गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊच नये. आमच्या वर्गाचा हिशेब घेतला तर पोहता येणारे दहाच्या वर निघणार नाहीत, त्यांत मुली दोन.

आता गोव्याविषयी. गोवा वाईट आहे असे मी म्हणत नाही. एका बाबतीत तो आपल्यापेक्षा शहाणा आहे. तिथल्या प्रमुख किनाऱ्यांवर २००८ पासून पगारी जीवरक्षकांची व्यवस्था आहे. लाल निशाण म्हणजे पाण्यात उतरू नये, लाल-पिवळी निशाणे म्हणजे त्या दोहोंच्या मध्येच उतरावे. आपल्याकडे असे पहारेकरी मोजक्या किनाऱ्यांवर दिसतात आणि पुष्कळ ठिकाणी एक गंजलेला फलक सोडला तर सावध करणारे कुणी नसते. पण गोवा नाशिकपासून सहाशे किलोमीटरांहून दूर आहे. दोन रात्री गाडीत जातात, वर्गणीला निम्मा वर्ग मुकतो, आणि पोहोचल्यावर जागरणाने डोळे चुरचुरत असताना मुले थेट पाण्यात धावतात. शिवाय खरे सांगायचे तर फळ्यावर ‘गोवा’ लिहिणाऱ्या सर्वांनाच समुद्र हवा होता असे नाही. त्यांना जे हवे होते ते सहल-समितीच्या अर्जात लिहिता येत नाही. ते पिऊन समुद्रात उतरणे किती सोपे आणि किती महाग आहे, यावर मी येथे लिहीत नाही. किनाऱ्यावरच्या कोणत्याही हवालदाराला विचारावे.

मग समुद्र कुठे? आपल्या दारात. सातपूरच्या मधून जो त्र्यंबक रस्ता जातो, ज्याच्यावर आपण रोज कंपनीच्या बसगाड्यांचा धूर खात महाविद्यालयाला येतो, तोच रस्ता पुढे समुद्राला जातो हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात आले आहे? आपली समजूत अशी, की हा रस्ता त्र्यंबकेश्वराशी संपतो. तो संपत नाही. ब्रह्मगिरीच्या अंगाने पुढे मोखाडा, जव्हार, मग घाट उतरून कासा-चारोटी, तिथे मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडला की डहाणू. सगळे मिळून दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. आपली गंगा त्याच ब्रह्मगिरीवर जन्मते आणि पाठ फिरवून पूर्वेला निघते. १४६५ किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. आपण नाशिककर तिच्यासारखेच, जवळच्या समुद्राकडे पाठ करून बसलेले. त्याच डोंगरांतून निघणारी वैतरणा मात्र सरळ पश्चिमेला जाऊन अरबी समुद्र गाठते.

आमच्या वर्गात हरसूलकडचा एक मित्र आहे. त्याला मी विचारले, तुमच्याकडून कुणी समुद्रावर जाते का? तो म्हणाला, माझी आजी लहानपणी डहाणूच्या महालक्ष्मीच्या जत्रेला चालत गेली होती, चैत्रात. ज्या वाटेची आपण सभेत चर्चासुद्धा केली नाही, ती एका मुलीने पायी ओलांडली होती.

शिवाय आपण कलाशाखेचे विद्यार्थी. वाटेत जव्हारला मुकणे राजांचा राजवाडा आहे. १६६४ साली सुरतेवर जाताना शिवाजी महाराज जव्हारजवळच्या शिरपामाळावर थांबले होते, त्याचे स्मारक आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्र झोपडीच्या भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगभर नेले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले. बोर्डीला ताराबाई मोडकांनी १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात आपण जी नावे पाठ करतो ती माणसे या समुद्राकाठी राबली. गोव्याच्या सहलीत अभ्यासाचा भाग म्हणून काय दाखवणार होते, ते समितीने अजून सांगितलेले नाही.

डहाणूपासून उत्तरेला सोळा-सतरा किलोमीटरवर बोर्डी. माझी निवड बोर्डीची. गेल्या वर्षी एका मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नाला डहाणूला गेले असताना मी तिथे अर्धा दिवस काढला. सुरूची लांबच लांब बाग, मागे चिकूच्या वाड्या. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. किनारा अतिशय सपाट. पाण्यात बरेच आत गेले तरी ते कमरेच्या वर येत नाही.

पण जाहिरात करायची नाही, म्हणून दोषही सांगते. बोर्डीचे पाणी निळे नाही. ते मातकट, राखी रंगाचे आहे, कारण आखाताकडचा गाळ आणि मोठ्या भरत्या त्याला नितळू देत नाहीत. ओहोटीला समुद्र इतका दूर जातो की पाहुणा विचारतो, समुद्र कुठे आहे? मधे चिखलाचा पट्टा उघडा पडतो. निळ्या पाण्यात छायाचित्र काढून घ्यायचे असेल त्याने तारकर्लीला जावे. तिथले पाणी नितळ आहे आणि हिवाळ्यात तळ दिसतो. वेळास-आंजर्ल्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये गेले तर कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला मिळतात. गणपतीपुळ्याला देवदर्शन करावे आणि लाटांना लांबूनच नमस्कार करावा, तिथे पोहू नये. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा खडकांवरून आहे. ती ओहोटीलाच करावी, पाणी चढू लागल्यावर नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येते आणि परतायची वेळ चुकली तर तिथेच पुढच्या ओहोटीपर्यंत बसावे लागते. म्हणजे समुद्र कुठलाही असो, तिथी सुटत नाही.

बोर्डीच्या सपाटपणातही धोका आहे, आणि तो शांत समुद्राचा असल्यामुळे जास्त फसवा आहे. ओहोटीला माणूस गप्पा मारत एक-दीड किलोमीटर आत जातो. भरती येते ती समोरून गाजावाजा करत येत नाही. आधी मागच्या खोलगट भागात पाणी भरते, आणि परत फिरावे तर आपण बेटावर उभे. म्हणून पाणी चढू लागले की किनाऱ्याकडे तोंड करून चालू लागावे, आणि खाडीच्या मुखाशी कधीच उतरू नये. वाळूवर गाडी घालण्याचा एक नवा शौक निघाला आहे. चाक रुतते, भरती येते आणि मोटारीचे मासेमारी जहाज होते. आपली बस रस्त्यावरच थांबवावी.

तर तिथी कोणती धरावी? मी हिशेब मांडला आहे. षष्ठी किंवा सप्तमी. भांग जवळ आलेला असतो, ओढ कमी. षष्ठीला भरती साडेचारला, म्हणजे पूर्ण ओहोटी दहा-साडेदहाला. आपण सकाळी सहाला सातपूरहून निघालो तर जव्हारला चहा घेऊन अकराच्या सुमारास पोहोचतो. तेव्हा पाणी दूर असते, वाळूवर शिंपले पाहावेत, जेवण करावे. एकनंतर पाणी आपल्याकडे येऊ लागते. चढते पाणी माणसाला किनाऱ्याकडे ढकलते, उतरते पाणी आत ओढते; ही ढोबळ गोष्ट आहे, पण सहलीसाठी पुरेशी आहे. दीड ते साडेतीन पाण्यात खेळावे आणि भरती पूर्ण होण्याआधी सर्वांनी बाहेर यावे. सूर्यास्त वाळूवर बसून पाहावा. अंधारात पाण्यात कुणी नाही, प्राध्यापकसुद्धा नाही.

महिन्याविषयी वाद नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात समुद्राचा नाद करू नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, आणि कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नाही. ज्याचा जन्म पाण्यावर गेला तो थांबतो, मग आपण कोण? तरी दर जुलैत पाऊस पाहायला म्हणून कारखान्यांतली तरुण मंडळी मोटारसायकली घेऊन समुद्रावर निघतात.

आता एक गोष्ट लिहिते, जी सहल-समितीतल्या मुलांना सुचत नाही आणि मुली सभेत बोलत नाहीत. किनारा निवडताना मुलींची पहिली चौकशी लाटांची नसते. तिथे संडास आहे का, कपडे बदलायला बंद खोली आहे का, आणि अंगावरचे खारे पाणी काढायला गोडे पाणी आहे का, ही असते. या तीन गोष्टी नसल्या तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, उन्हात चक्कर येते, आणि मग “मुली सहलीत नाजूकपणा करतात” असा शेरा मिळतो. म्हणून उघड्या किनाऱ्यावर बस थांबवण्याऐवजी गावातल्या एखाद्या घरगुती खानावळीशी आधी बोलून ठेवावे. जेवण त्यांच्याकडे घ्यायचे ठरवले की दोन खोल्या आणि विहिरीचे पाणी ते आनंदाने देतात, गावालाही चार पैसे मिळतात. रोकड थोडी जवळ ठेवावी, कारण खेड्यात मोबाईलची रेंज गेली की मोबाईलवरचे पैसे निरुपयोगी.

कपड्यांचेही तसेच. ओढणी घेऊन पाण्यात उतरणे म्हणजे पायाला दोरी बांधून उतरणे. भिजलेली जीन्स दगडासारखी जड होते. आमच्यातल्या पुष्कळ जणी घरच्या धाकामुळे ओढणी काढत नाहीत आणि तशाच पाण्यात जातात. सुती कुडता, खाली आखूड पायजमा आणि ओढणी बसमध्ये, असे बाईंनीच निघताना सांगितले तर कुणाला संकोच वाटणार नाही. ते सांगायला बाई बरोबर हव्यात. एका बाईंवर चाळीस मुली सोपवू नयेत.

बारीकसारीक दोन-चार गोष्टी. जव्हारचा घाट उतरताना ज्यांना गाडी लागते त्यांनी पोटात थोडेच ठेवावे आणि पुढे बसावे. खडकांवर अनवाणी जाऊ नये. कालवांनी तळपाय चिरतो आणि ती जखम लवकर भरत नाही. गढूळ पाण्यात पाय उचलून टाकू नये, घासत चालावे, म्हणजे वाळूत दडलेले पाकट आधीच पळते. पाण्यात उतरताना प्रत्येकाचा एक जोडीदार ठरलेला असावा आणि दर पंधरा मिनिटांनी क्रीडा-विभागाची शिट्टी वाजवून मोजणी व्हावी. एक ट्यूब आणि एक लांब दोर बरोबर असावा. ११२ हा क्रमांक सर्वांना पाठ असावा. आणि पोहोचल्याबरोबर पहिल्यांदा गावातल्या कोळ्याला विचारावे, “दादा, आज कुठं उतरावं?” या प्रश्नाला पैसे पडत नाहीत.

वेरूळवाल्या प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. आपण मुलांना समुद्रापासून दूर ठेवले तर मुले समुद्रावर जायची थांबणार नाहीत. ती आपापली जातील, मित्रांबरोबर, रात्रीच्या गाडीने, न सांगता. तेव्हा त्यांच्याबरोबर शिट्टी नसेल, बाई नसतील आणि तिथीही नसेल. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या दिवशी थायलंडच्या फुकेत बेटावर टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची इंग्रज मुलगी आईवडिलांबरोबर सुट्टीला आली होती. समुद्राचे पाणी विचित्र फेसाळलेले तिने पाहिले आणि दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला शिकलेले तिला आठवले. तिने आरडाओरडा करून सर्वांना किनारा सोडायला लावला, आणि त्या किनाऱ्यावरची माणसे वाचली. आमच्या अभ्यासक्रमात भरती-ओहोटी आहे. आम्ही ती पाच गुणांसाठी आकृतीसह लिहितो. उधाण म्हणजे काय, हे माझ्या मामेभावानेही परीक्षेत लिहिले होते आणि त्याला पूर्ण गुण मिळाले होते.

आमच्या वर्गातल्या सतरा मुलींनी अजून समुद्र पाहिलेला नाही. मी एकेकीला विचारून मोजले. त्यांतल्या दोघींची लग्ने या उन्हाळ्यात ठरली आहेत. एकीचे सासर येवल्याकडे, दुसरीचे मालेगावजवळ. पुढच्या सहलीला त्या नसतील, आणि यंदाची आपण वादात घालवली.

पुढच्या वर्षासाठी मी कार्यालयातल्या भिंतीवरचे कॅलेंडर पाहून ठेवणार आहे. मार्गशीर्षातली शुद्ध षष्ठी पाण्याच्या दृष्टीने उत्तम, पण ती चंपाषष्ठी. आमच्यासारख्या खंडोबाच्या घरांत त्या दिवशी वांग्याचे भरीत आणि रोडगा असतो, मुलींना कुणी सोडणार नाही. म्हणून दुसऱ्या दिवशीची सप्तमी धरावी. भरती सव्वापाचला येईल, सगळा कार्यक्रम पाऊण तास पुढे सरकवावा. वार कोणताही असो, सुट्टी समितीने मागून घ्यावी.